तांबड्या रेघेची पांढरी तार

बेरिल हिंगलीला मोटार चालवता येत नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण तिच्याकडे कामाला येणारा प्रत्येक जण हे कळल्यावर तोंड उघडं टाकून बघत राहायचा. अहो, जुन्या उघड्या टपाच्या गाड्या जिवापाड जपणारे हौशी लोक केंटपासून स्कॉटलंडपर्यंत जिला पोस्टाने कुलपं पाठवायचे, किल्ली अडकली की पहिल्यांदा जिचं नाव घ्यायचे, ती बाई बाजाराला जायची ती बसने, मांडीवर कापडी पिशवी घेऊन.

“मला काय करायचीय मोटार?” ती म्हणायची. “मला तिचं कुलूप कळतं, तेवढं पुरे. डॉक्टरला मूळव्याध कळते, म्हणून काय त्याला ती व्हायलाच पाहिजे?”

एकदा शिकून बघितलं होतं तिने. चाळिशीत. थोरला भाऊ क्लेम शिकवत होता, आणि तिसऱ्याच दिवशी बाईंनी गाडी चॅपलच्या फाटकात घातली. क्लेमने पाद्रीबाबांना सांगितलं की मीच धडकलो, माझंच लक्ष नव्हतं. वॉल्सॉलच्या बसवर वीस वर्षं एक ओरखडा न पाडलेला ड्रायव्हर, आणि म्हणे लक्ष नव्हतं! पाद्रीबाबांचा काडीचाही विश्वास बसला नाही, पण क्लेमने शेवटपर्यंत बहिणीचं नाव घेतलं नाही. तेव्हापासून बेरिल चाकामागे बसली ती फक्त गाडी उभी असताना.

बेरिलचं विलेनहॉल म्हणजे कुलपांचं गाव. तिथल्या पोरांना पाढ्यांआधी कानस कळायची. बेरिलचा बाप मागच्या अंगणातल्या खोलीत व्हाइसच्या पकडीवर वाकून जन्मभर कानस मारत बसला आणि पाठीला कुबड घेऊन मेला. गावातल्या गुत्त्यांत बाकांमागच्या भिंतींना म्हणे खळगे ठेवलेले असायचे, कुबडवाल्यांना नीट टेकता यावं म्हणून. खरं-खोटं देव जाणे. बेरिलच्या बापासमोर कुणी हे बोललं तर तो ग्लास तसाच ठेवून निघून यायचा.

पंधराव्या वर्षी बेरिल कारखान्यात लागली. मोटारींची कुलपं जुळवणाऱ्या बायकांचं एक लांबलचक बाक होतं, त्यावर डावीकडून सातवी. पितळेच्या नखाएवढ्या पट्ट्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या स्प्रिंगा, आणि चिमटा. वरची मुकादमीण मोठी खवट, पण बेरिलच्या मागे येऊन कधी थांबायची नाही. गरजच नव्हती. वर्षभरात पोरीच्या बोटांना अशी सवय झाली की शेजारणीशी वाद घालत, गाणं म्हणत, कुणाच्या तरी लग्नाची कुचाळकी करत ती पट्ट्या भरायची आणि एकही चुकायची नाही. “माझी बोटं माझं ऐकतच नाहीत,” ती हसून म्हणायची. “त्यांचं त्यांना ठाऊक असतं.”

कारखाना बंद झाला तेव्हा सुटे भाग भरलेले चाळीस खण भंगारात निघाले होते. बेरिल फाटकाशी उभी राहून रडली आणि मग आत जाऊन भांडली. क्लेमने आपली छोटी ट्रायम्फ स्पिटफायर आणली, टप उघडला आणि पाच खेपा करून ते खण तिच्या घरी पोचवले. दोन माणसांची ती गाडी, त्यात शेजारी खण, मागे खण, बेरिलच्या मांडीवर खण. गावाने दारात उभं राहून बघितलं.

त्या खणांवर तिचं पुढचं आयुष्य चाललं. लग्न केलं नाही. आईचं सगळं केलं, आई गेल्यावर बापाच्या त्याच अंगणातल्या खोलीत दिवा लावून बसू लागली. जुन्या गाड्यांच्या क्लबवाल्यांना हिचा पत्ता लागला आणि मग काय, रांगच लागली. कुलूप बिघडलं म्हणून येणाऱ्या दहा जणांतल्या सहांचं कुलूप ठणठणीत असायचं. मेलेला असायचा तो कुलपाच्या पाठीला चिकटलेला विजेचा स्विच. दोन स्क्रू काढले की हातात येणारा. पण लोक आधी छिन्नी-हातोडा घेऊन कुलूपच फोडून यायचे.

“ताप आला म्हणून डोकं कापलंस होय रे?” बेरिल विचारायची. भले भले वकील, बँकवाले तिच्यासमोर मान खाली घालून उभे राहायचे.

स्टिअरिंगचं कुलूप बसवायची एक रीत आहे. ते स्टिअरिंगच्या दांड्याला दोन बोल्टांनी आवळतात, आणि ते बोल्ट असे केलेले असतात की पुरते आवळले की त्यांची डोकी तुटून पडावीत. म्हणजे चोराला पाना लावायला काही उरत नाही. पण डोकं एकदा तुटलं की तुम्हालाही मागे फिरता येत नाही. म्हणून आधी सगळं तपासायचं: किल्ली फिरते का, स्टिअरिंग सुटतं का, गाडी सुरू होते का. मगच शेवटचा आटा. बेरिलने हा क्रम जन्मात मोडला नव्हता.

आणि आणखी एक. एकदा क्लबचाच एक बडा माणूस आला होता. बायकोशी बिनसलेलं. म्हणाला, तिची किल्ली चालू नये पण तिला वाटावं गाडीच बिघडलीय, असं काहीतरी कर. बेरिलने त्याच्या हातातला चहाचा कप काढून घेतला आणि दार दाखवलं. कुलपाने उघडायचं तर उघडावं, नाही तर सरळ नाही म्हणावं. कुलपाला फसवायला शिकवायचं नाही, एवढा एकच धर्म ती मानत होती. चॅपलला तर नाताळालाच जायची.

त्या ऑक्टोबरात क्लेमच्या बायकोचा, डिलिसचा फोन आला.

“हळू का बोलतेयस गं? ऐकू येईना,” बेरिल म्हणाली.

“कोठीघरात आहे मी. फोन आत ओढून घेतलाय. क्लेम आंघोळीला गेलाय.”

क्लेमला दीड वर्षांपासून विसर पडत होता. आधी नावं गेली, मग वार. उन्हाळ्यात डॉक्टरांनी लिहून कळवलं आणि त्याचा परवाना रद्द झाला. पण परवाना रद्द झाला हेही तो विसरायचा. पंधरा दिवसांपूर्वी पाव आणायला म्हणून गाडी घेऊन गेला आणि ब्लॉक्सविचजवळच्या गोल चौकात फिरतच राहिला. कुठल्या रस्त्याने बाहेर पडायचं ते सुचेना, आणि थांबायची लाज वाटत होती. अकरा फेऱ्या. शेवटी एका बसवाल्याने ओळखलं, आपली भरलेली बस चौकात आडवी घातली आणि खाली उतरून त्याचा हात धरला. त्या पोराला क्लेमनेच बस शिकवली होती.

“किल्ली लपवून ठेव की,” बेरिल म्हणाली.

“लपवली ना! पिठाच्या डब्यात. दोन दिवस घर उलटंपालटं केलं गं त्याने. प्रत्येक खण जमिनीवर. मग जिन्यावर बसला आणि म्हणाला, डिलिस, मी आता किल्लीसुद्धा हरवायला लागलो, मला कुठेतरी नेऊन टाक. मला बघवेना, बेरिल. मी कोटाच्या खिशात सापडल्याचं नाटक केलं आणि दिली.” ती नाक ओढत होती. “आता आमचा नेव्हिल म्हणतोय, बास झालं. शनिवारी येऊन गाडी घेऊनच जाणार. गिऱ्हाईकसुद्धा बघितलंय. चुकीचं नाही बोलत पोरगा. उद्या कुणाचं लेकरू चाकाखाली आलं म्हणजे? पण ती गाडी गेली ना, तर हा माणूस सकाळी उठायचा नाही. रोज नाश्ता झाला की तासभर तिच्यात जाऊन बसतो. तेवढा तास तो क्लेम असतो.”

“मग माझ्याकडून काय पाहिजे?”

“किल्ली त्याच्याकडेच राहावी. फिरावी. दिवे लागावेत, पंखा फिरावा. फक्त गाडी सुरू होऊ नये. नेव्हिलला म्हटलं, शनिवारच्या आत असं झालं तर? तर म्हणाला, मी स्वतः सुरू करून बघेन. नाही झाली तर राहू दे. आणि क्लेमला कळता कामा नये, बेरिल. कळलं तर तो खचेल.”

दुसरं कुणी असतं तर बेरिलने फोन आपटला असता. हा तर क्लेम होता, आणि त्याच्याच गाडीत, त्याच्याच किल्लीशी खोटं बोलणारं कुलूप तिला बसवायचं होतं.

“गुरुवारी येते,” ती म्हणाली.

बुधवारी तिने खणातून एक कधीच न वापरलेलं कुलूप काढलं आणि आपल्या वहीतल्या क्लेमच्या किल्लीच्या नंबराबरहुकूम त्यात पट्ट्या भरल्या. एका परीने तिला बरं वाटत होतं, कारण त्या गाडीचं जुनं कुलूप खरंच झिजलं होतं. चाळीस वर्षांत झिजणारच. चालत्या गाडीत किल्ली बाहेर येत होती, आणि एखाद्या दिवशी भर वेगात स्टिअरिंग अडकलं असतं. म्हणजे कुलूप बदलायचंय हे सांगणं खोटं नव्हतं. खोटं एवढंच, की पाठीमागच्या स्विचला ज्या तारा जातात, त्यातली एक ती जोडणार नव्हती. पांढरी, तांबड्या रेघेची. इंजिनाला पहिला धक्का देणाऱ्या स्टार्टरची.

गुरुवारी सकाळी दहाला ती बसमधून उतरली तर क्लेम फाटकातच उभा.

“आली चॅपलची वैरीण! लोकहो, फाटकं सांभाळा!”

“तू आधी बटणं नीट लाव. एक खाली एक वर झालंय.”

“ती फॅशन आहे,” क्लेम म्हणाला, पण खाली बघून त्याने बटणं सोडली आणि परत लावली. परत चुकली. डिलिस दारात येऊन उभी होती, तिच्याकडे बघणंही बेरिलने टाळलं.

गाडी घरासमोरच्या फरशीवर उभी होती, पाठ रस्त्याकडे. बेरिलने आधी बॅटरीची तार काढली, मग पायाशी चटई टाकून आडवी झाली. सत्तर वर्षांची बाई दांड्याखाली डोकं घालून, पाय बाहेर. क्लेम शेजारच्या सीटवर बसला आणि त्याने स्क्रू ठेवायला बशी धरली. त्याला काम दिलं की तो खूष असायचा. डोकी तुटलेले जुने बोल्ट काढणं म्हणजे वेळखाऊ काम. बारीक छिन्नी कडेला लावायची, हलके टोले द्यायचे आणि केसभर केसभर फिरवत आणायचं. घाई करणाऱ्याचं नुकसान ठरलेलं.

“किती वेळ लावतेस! मी एवढ्यात वॉल्सॉलला जाऊन आलो असतो.”

“जाऊन ये ना मग. चालत.”

“तोंड बघा हिचं. बाबा म्हणायचे, बेरिलला कुलूप नको शिकवूया, हिच्या तोंडालाच बसवूया.”

ती चटईवर पडल्या पडल्या हसली. अशा वेळी वाटायचं, कुठे काय झालंय याला? सगळं तर तसंच आहे.

ठरलं होतं असं: कुलूप जागेवर लागलं की डिलिसने क्लेमला चहाला आत बोलवायचं, आणि त्या दहा मिनिटांत बेरिलने तारा जोडून एक सोडायची. डिलिसने हाक मारलीही.

“क्लेम, चहा! पाइकलेट गरम आहेत!”

“इथेच आण!” क्लेम ओरडला. “बेरिल कामात आहे आणि मी आत बसून खाऊ?”

डिलिसने थाळी आणली. लोण्यात निथळणारी, जाळीदार घावनांसारखी पाइकलेट. तिने बेरिलकडे एक असहाय नजर टाकली आणि आत जाऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली. क्लेम हलेना. बेरिलने मनाशी म्हटलं, ठीक आहे, त्याच्या समोरच सोडू, त्याला काय तारांतलं कळतंय.

“तुला आठवतं, ते खण आणले ते?” क्लेमने खाता खाता विचारलं. “शेवटच्या खेपेला तुझ्या मांडीवर तीन होते. वळणावर एक सांडला.”

“दोन सांडले. आणि वळण तू घेतलंस, बस चालवल्यासारखं.”

“आणि तू भर रस्त्यात रांगत स्प्रिंगा वेचत होतीस. मागे गाड्या थांबलेल्या, भोंग्यांवर भोंगे. आणि त्या लॉरीवाल्याला तू काय म्हणालीस?”

“नको रे, डिलिस ऐकेल.”

“‘स्प्रिंग सापडली नाही तर तुझ्या पाटलोणीतून काढीन!’ त्याने घाबरून स्वतः उतरून वेचल्या!”

दोघं एवढी हसली की क्लेमच्या हातातल्या बशीतला एक स्क्रू खाली पडला. बेरिलच्या डोळ्यांतून पाणी आलं. हसता हसताच तिचे हात दांड्यामागे चालले होते. मग तिने बॅटरीची तार लावली, चाकामागे बसली, किल्ली घातली आणि बोल्टांची डोकी तोडण्याआधी तपासून बघायचं म्हणून, पंचावन्न वर्षं तपासत आली तशीच, किल्ली शेवटपर्यंत फिरवली.

गाडी सुरू झाली.

एका झटक्यात, तक्रार न करता. बेरिलने आपल्या हातांकडे बघितलं. तिने हसायला तोंड उघडलं होतं आणि बोटांनी तेवढ्यात चारही तारा जिथल्या तिथे घातल्या होत्या. तांबड्या रेघेचीसुद्धा. खिडकीत डिलिसचा हात तोंडावर गेला होता.

“वा!” क्लेम म्हणाला. तो उतरून तिच्या बाजूला आलाही होता. “ऊठ. सरक तिकडे. किती दिवसांत अशी लागली नाही ती!”

“क्लेम, बोल्ट अजून…”

“सरक गं पोरी.”

आणि ती सरकली. काय करणार? थोरल्या भावाचा तो आवाज ऐकून ती लहानपणापासून सरकत आली होती. क्लेम चाकामागे बसला. पाठ ताठ झाली, हात आपोआप जागेवर गेले, आरसा बोटभर हलवला गेला. त्याने क्लच दाबला, रिव्हर्स टाकला. गाडी हातभर मागे सरकली. मागे रस्ता होता. बेरिलला वाटलं किल्ली ओढून काढावी, पण हात पुढे होईना. त्याच्या तोंडावर एवढं समाधान होतं की ती त्याला हात लावायला धजली नाही.

फाटकाशी गाडी थांबली. क्लेमने आरशात बघितलं. डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. पुन्हा डावीकडे.

“बेरे,” तो म्हणाला, “इथून कसं जायचं?”

“कुठे जायचंय तुला?”

“तेच.” त्याने ओठांवरून जीभ फिरवली. “तेच तर.”

इंजिन गुरगुरत होतं. मागच्या रस्त्यावरून बस गेली, तो चालवायचा त्याच नंबरची. क्लेम तिच्याकडे ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. मग त्याने हँडब्रेक ओढला आणि स्वतःच्या हाताने किल्ली मागे फिरवली. सगळं शांत झालं.

“एक तार सोडायची होतीस ना तू?”

बेरिलला तोंड वर करवेना.

“कोठीघरात जाऊन फोन करते ती,” क्लेम म्हणाला. “तिला वाटतं मला कळत नाही. ते दार पुठ्ठ्याएवढं पातळ आहे गं. मी टॉवेल गुंडाळून बाहेर उभा होतो. सगळं ऐकलं. मग विसरलो. मग आठवलं. आज सकाळी परत विसरलो होतो, तू मोटार नीट करायला आलीयस म्हणून एवढा खूष होतो मी. आत्ता आठवलं, ती बस गेली तेव्हा.”

“मला जमलं नाही रे, क्लेम. मी ठरवून आले होते. हातच ऐकत नाहीत माझे.”

“ठाऊक आहे मला तुझे हात.” त्याने तिच्या गुडघ्यावर थाप मारली. “काढ आता. मी शुद्धीवर आहे तोवर काढ. उद्या मी भांडेन, शिव्या देईन, ऐकू नकोस माझं.”

बेरिल रडायला लागली. धड आवाज काढूनही रडता येईना, डिलिस बघत होती.

“ए, रडू नको. रडलीस तर तार दिसायची नाही.” मग तो विचारात पडला आणि म्हणाला, “आणि बॉनेटखालचीही एक काढ. ठिणगीच्या कॉइलची. स्टार्टर तिथून अंगठ्याने दाबला तरी गाडी सुरू होते. ते मला येतं. ते मी विसरेन असं नाही, ते हातातलं आहे.”

चॅपलच्या फाटकात गाडी घातली तेव्हा बेरिलला जेवढी लाज वाटली होती, तेवढाच अभिमान तिला त्या क्षणी आपल्या भावाचा वाटला. ती खाली वाकली. तांबड्या रेघेची तार तिने बाहेर ओढली, टोकाला चिकटपट्टी गुंडाळली आणि दांड्यामागे बांधून टाकली. बॉनेट उघडून कॉइलची काढली. क्लेम शेजारी उभा राहून बघत होता, तिने योग्यच काढली ना याची खात्री करत. दोघांनी गाडी हाताने ढकलून परत जागेवर आणली. मग त्याने बसून किल्ली फिरवली. दिवे लागले. वायपर कोरड्या काचेवर कुरकुरत फिरले. शेवटच्या टप्प्याला काहीच झालं नाही.

“छान,” तो म्हणाला. “डोकी मी तोडतो. दे पाना.”

तिने पाना दिला. बोल्ट कुठे आहेत ते हाताला धरून दाखवलं. त्याने आवळलं, दम घेतला, आणखी आवळलं. टक्. दुसऱ्याला जरा जास्त वेळ लागला. टक्. तुटलेली दोन डोकी चटईवर पडली आणि काम झालं.

“डिलिसला सांगू नको,” क्लेम हात पुसत म्हणाला. “मला ठाऊक आहे म्हणून. तिने एवढं निगुतीने लपवलंय. बिचारीला वाटू दे की जमलं.”

“नाही सांगणार.”

“शप्पथ?”

“शप्पथ, क्लेम.”

शनिवारी नेव्हिल आला. त्याने किल्ली मागून घेतली, दहा वेळा फिरवली, बॉनेट उघडून बघितलं, आणि मग आईकडे मान हलवून गाडी राहू दे म्हणाला. क्लेम बाजूला उभा होता. डिलिसने नंतर फोनवर सगळं सांगितलं. या खेपेला ती कोठीघरात नव्हती, खुशाल दिवाणखान्यात बसून बोलत होती. “त्याला पत्ताही लागला नाही बघ,” ती म्हणाली. “देवाने लाज राखली. तुझे उपकार कसे फेडू, बेरिल?” बेरिलने ऐकून घेतलं. तिने शप्पथ घेतली होती.

सोमवारी सकाळी बेरिल नाश्ता आटोपून कामाला बसत होती, तोच फोन वाजला. क्लेम होता.

“बेरे? ऐक. गाडी सुरू होत नाहीये माझी.”

बेरिलच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

“किल्ली झकास फिरते,” क्लेम सांगत होता. “दिवेबिवे लागतात. पण पुढे काही नाही. मागचा स्विच मेला असेल, तू म्हणतेस ना लोकांना, तसा. डिलिसला बोललो नाही मी अजून, ती उगाच जिवाला घोर लावून घेते. तू येशील का बघायला?”

ती सांगू शकली असती. क्लेम, आठव, गुरुवारी तूच म्हणालास काढ म्हणून, डोकीसुद्धा तूच तोडलीस. आणि तिला पक्कं माहीत होतं, त्याने जरा थांबून सगळं समजून घेतलं असतं आणि तसाच शहाण्यासारखा म्हणाला असता, बरोबर, मीच म्हणालो, राहू दे. पण मग उद्या पुन्हा. परवा पुन्हा. आपली गाडी आपल्या हाताने बंद करायचं दुःख एका माणसाला किती वेळा सोसायला लावायचं? त्याने ते एकदा सोसलं होतं, चांगलं सोसलं होतं. आता ते जगात फक्त तिलाच ठाऊक होतं, आणि ते तिच्यापाशीच राहणार होतं.

“बेरे? आहेस ना?”

“आहे रे.” तिने चिमटा खाली ठेवला. “स्विचच असेल. त्याला काय, दोन स्क्रूंचं काम.”

“तेच म्हटलं मी. घाई नाही हं काही. तुझ्या सवडीने.”

“गुरुवारी येते,” बेरिल म्हणाली.